दुभाष्यांच्या यादीत चर्चवाल्यांनी नावं द्यावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचं तर बिनधास्त कापा, पण पंडिता रमाबाईंचा भाग आणि शेवटची मागणी तेवढी राहू द्या.

बालगृहांबद्दल पेपरात जे येतं ते बहुतेक जेवण, इमारत, थकलेलं अनुदान, कमी स्टाफ असंच असतं, आणि ते खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण भाषेबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. पुणे, दौंड, कल्याण, नागपूर अशा स्टेशनांवर एकटी फिरणारी मुलं रेल्वे पोलिसांना सापडतात. काही घरातून निघून आलेली, काही गर्दीत चुकलेली, आणि काहींना मागे खरोखरच कुणी नसतं. २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की असं मूल २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून. मग समिती विचारते, बाळा नाव काय, गाव कुठलं, घरी कोण कोण आहे. कुठल्या भाषेत विचारते? मराठीत, नाही जमलं तर हिंदीत. आणि मूल ओडिशाच्या डोंगरातलं असलं, झारखंडचं, छत्तीसगडचं, तेलंगणातल्या एखाद्या तांड्यावरचं असलं तर? मूल गप्प बसतं आणि आपण कागदावर लिहितो 'माहिती देत नाही'.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे आणि रिटायर झाल्यापासून एका बालगृहात (नाव लिहीत नाही, माणसं चांगली आहेत) गाणी-गोष्टी घ्यायला जाते. तिथे एक मुलगी आली होती, आठ-नऊ वर्षांची असेल, रजिस्टरला तिच्यापुढे 'बोलत नाही' असा शेरा, आणि तो शेरा हळूहळू पुढे सरकत सरकत 'बोलता येत नाही' असा झाला, म्हणजे कुणी मुद्दाम केलं असं नाही, एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवताना होतं तसं झालं. मूकबधिरांच्या संस्थेत पाठवायची चर्चा सुरू झाली. मग एका हॉस्पिटलमधल्या सिस्टर, म्हणजे नन, दुसऱ्याच एका आजारी मुलीला बघायला आल्या होत्या, त्या झारखंडातल्या गुमल्याकडच्या. त्यांनी सहज म्हणून या मुलीशी सादरीत, म्हणजे तिकडच्या बोलीत, दोन वाक्यं बोलली आणि ही पोरगी जी सुरू झाली ती थांबेचना. आई गेलेली, बाप वीटभट्टीवर, काकाबरोबर ट्रेनमध्ये बसली, काका पाणी आणायला उतरला तो परत आलाच नाही. सगळं सांगितलं. गावाचं नावसुद्धा नीट सांगितलं. ती सिस्टर तिथून फार तर दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होती, आणि इतके दिवस ती तिथेच होती.

आता मी स्वतः ख्रिस्ती आहे, नगरकडची, चार पिढ्या मराठी बोलणारी. अजूनही लोक मला विचारतात, तुम्ही ख्रिश्चन म्हणजे घरी इंग्लिश बोलत असाल ना? अहो आमच्या घरी कीर्तनं व्हायची, नारायण वामन टिळकांची भजनं आजीला तोंडपाठ होती. असो. सांगायचं हे की हे पत्र मी जितकं सरकारला लिहितेय तितकंच, खरं तर थोडं जास्तच, आमच्या चर्चच्या लोकांना लिहितेय. कारण अनाथांची सेवा हा आमच्याकडे दर रविवारचा विषय. याकोबाच्या पत्रात सरळ लिहिलंय की अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांच्याकडे जाणं हीच देवाला पटणारी भक्ती. पण मला त्याहून जुना कायदा जास्त महत्त्वाचा वाटतो, बायबलातल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायातला. शेत कापताना एखादी पेंढी शेतात विसरली तर परत आणायला जाऊ नकोस, ती उपऱ्याला, अनाथाला आणि विधवेला असू दे, आणि जैतून झोडताना, द्राक्षं तोडताना परत तेच. तिन्ही वेळा तेच तिघं, आणि त्यात पहिला नंबर उपऱ्याचा, परमुलखातून आलेल्याचा. दौंडच्या प्लॅटफॉर्मवरचं ओडिया मूल एकाच वेळी दोन्ही आहे, अनाथही आणि उपरंही, तरी आम्ही त्याला बिस्किटं देऊन फोटो काढतो आणि त्याच्याशी बोलेल असं माणूस शोधत नाही. नाताळला तर बघायलाच नको, एकाच दिवशी चार चार केक येतात.

पंडिता रमाबाईंचं केडगाव याच पुणे-दौंड लाईनवर आहे. रोज हजारो लोक ते स्टेशन मागे टाकून जातात आणि तिथे काय झालं ते निम्म्यांना माहीत नसेल. बाई विद्वान होत्या, विधवांसाठी शारदा सदन काढलं, ख्रिस्ती झाल्या, एवढं शाळेत शिकवलं जातं (तेही नशीब असलं तर). रमाबाई स्वतः दुष्काळातल्या पोरक्या होत्या हे मात्र मागेच पडतं. १८५८ चा जन्म, आजच्या कर्नाटकात, गंगामूळच्या जंगलात. घरात मराठी, शिकणं संस्कृतात, भोवती कन्नड. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थयात्रा करत कुटुंबाला घेऊन फिरायचे, आणि १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात उपासमारीनं आधी वडील गेले, मागोमाग आई, मग बहीण. ही तेव्हा सोळा वर्षांची. पुढे ती आणि भाऊ श्रीनिवास दोघं जवळजवळ सगळा देश पायी तुडवत १८७८ ला कलकत्त्याला पोचले. या भटकंतीत हिंदी आली, बंगाली आली. भाऊ १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिन बिहारी मेधावींशी लग्न केलं, तेही दोन वर्षांत गेले, पदरात लहानगी मनोरमा. म्हणजे बाईंनी ज्या भाषा मिळवल्या त्यातल्या निम्म्या पुस्तकातून आलेल्या नाहीत, पोटाला काही नसताना परक्या गावात उभं राहून आलेल्या आहेत.

१८८३ ला इंग्लंडला गेल्या, वाँटेजला तिथल्या सिस्टर्सकडे राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला. पण तिथेही डोकं गहाण ठेवलं नाही. एका क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती तर बाईंनी सरळ विचारलं की मला न कळणारी लॅटिन कशाला, माझी संस्कृत काय वाईट आहे? हे पत्रव्यवहारात आहे. शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या, लुगडं सोडलं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण दया करणारा माणूस बहुतेक वेळा अशी अपेक्षा ठेवतो की ज्याच्यावर दया केली त्यानं आता माझ्यासारखं बोलावं, माझ्यासारखं वागावं. रमाबाई ती अपेक्षा सोसणाऱ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या होत्या. त्यांना तो दाब माहीत होता.

पुढचं सगळं सांगत नाही. १८८९ ला मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्याला, मग १८९३ चा गाजलेला वाद, त्यावर खाली बोलते. १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि मध्य प्रांतातून बातम्या यायला लागल्या. बाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी मदत छावण्या, अनाथालयं बघितली, आणि मुलींना फूस लावून पळवणारे लोक तिथे कसे घिरट्या घालतात तेही बघितलं. स्वतः भुकेनं आईबाप गेलेले बघितलेली बाई, तिला परत यायला जमणार होतं का? मुली आणल्या, शेकड्यांनी आणल्या. त्यात पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या मुली ठेवायची परवानगी मिळेना तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर नेलं, झाडाखाली आणि तात्पुरत्या झोपड्यांत. त्याच प्लेगच्या वेळी सरकारी हॉस्पिटलात आणि छावणीत बायकामुलींचे जे हाल झाले त्याबद्दल बाईंनी मुंबईच्या एका पेपरात जाहीर पत्र लिहून सरकारला धारेवर धरलं होतं. संपादकांना पत्र लिहिणाऱ्यांत त्या आमच्या पूर्वज म्हणायच्या.

मग १८९९-१९०० चा, गुजराती लोक ज्याला अजून छप्पनियो म्हणतात तो दुष्काळ. गुजरात, काठियावाडमधून परत मुली. १९०० च्या सुमारास केडगावला माणसं दोन हजारांच्या घरात गेली होती. जरा डोळ्यासमोर आणा. मराठी विधवा, हिंदी बोलणाऱ्या मध्य प्रांतातल्या पोरी, गुजराती पोरी, त्यात कुठल्या कुठल्या बोली, वर अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या मिशनरी बायका ज्यांना यातलं काहीच येत नव्हतं आणि आधी मराठी शिकावी लागत होती. जातीही वेगवेगळ्या. पुष्कळशा पोरी हाडांचे सापळे होऊन आलेल्या, आणि अन्न दिसलं की ओरबाडायचं एवढंच शिकलेल्या.

कसं चालवलं असेल? मी शिक्षिका म्हणून विचार करते तर मला तीन गोष्टी दिसतात. शारदा सदनातून तयार झालेल्या आधीच्या मुली होत्या, त्यांनीच नव्या मुलींना सांभाळायला घेतलं. म्हणजे नवीन पोरीला पहिल्या दिवशी साहेब किंवा मॅडम भेटत नव्हती, जी स्वतः दुःखातून आलीय अशी ताई भेटत होती. मग काम. छापखाना, विणकाम, शेती, गाईगुरं, शिवण. हातानं करायचं काम शिकायला व्याकरण लागत नाही, बघून करता येतं, आणि करता करता बोलणं येतं. हे काही योगायोगानं झालेलं नाही. रमाबाई अमेरिकेत असताना फिलाडेल्फियाला फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत शिकल्या होत्या, वस्तू हातात देऊन, गाण्यातून, खेळातून शिकवायची ती पद्धत, आणि आपल्याकडे बालवाडी हा शब्दही नव्हता तेव्हा त्यांनी ती इथे वापरायला घेतली. डीएडला आम्हाला फ्रोबेल शिकवला, रमाबाईंचं नाव नव्हतं! आणि तिसरी म्हणजे आंधळ्या मुलींनाही वगळलं नाही, मनोरमाबाईंनी स्वतः ब्रेल शिकून त्यांना शिकवलं. जिला दिसत नाही तिलाही अक्षर मिळालं पाहिजे असं मानणारी संस्था, वेगळी भाषा बोलणाऱ्या पोरीला 'बोलता येत नाही' असा शेरा मारेल का?

बायबलचं भाषांतर तर वेगळ्याच पत्राचा विषय आहे. हिब्रू, ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल बाईंनी पुन्हा आणलं, आणि ते छापायचं काम केडगावच्याच छापखान्यात या पोरींनी केलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या त्याच्या जरासं आधी काम पुरं झालं.

आता १८९३. सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला, 'केसरी'नं झोडपलं, रानडे-भांडारकरांसारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. केडगावला तर धर्म लपवलेलाच नव्हता, तिथे मुलींचे बाप्तिस्मे झाले, उघड झाले. म्हणून मी आज असं लिहिलं की चर्चच्या लोकांनी बालगृहात जावं, की लगेच कुणीतरी म्हणणार, आलं का धर्मांतर. मला तो प्रश्न खोटा वाटत नाही. ज्या मुलाला मागेपुढे कुणी नाही, ज्याला तुमच्याच ताटातलं खायचंय, त्याची हो आणि नाही दोन्ही कमजोर असतात, आणि तिथे धर्माची गोष्ट काढणं मला स्वतःला पटत नाही, मग ती आमच्या लोकांनी काढो की आणि कुणी. रमाबाईंचा काळ वेगळा, तेव्हा या मुलींसाठी आजच्यासारखा कायदा नव्हता. आज मूल कायद्याच्या ताब्यात असतं, समिती ठरवते, गाव सापडलं तर परत पाठवायचं असतं. म्हणून मी म्हणते ती सेवा छोटी आहे. जायचं, त्याच्या भाषेत बोलायचं, त्यानं सांगितलेलं जसंच्या तसं समितीला सांगायचं आणि घरी यायचं. पत्रकं नाहीत, फोटो नाहीत, केकसुद्धा नको.

आणि यासाठी नवीन कायदा लागत नाही हो. पॉक्सोचे २०२० चे नियम वाचा. जिल्हा बाल संरक्षण कक्षानं दुभाषी, भाषांतरकार, विशेष शिक्षक यांची नाव-पत्त्यांसह यादी ठेवायची असं त्यात स्पष्ट आहे. त्यासाठी पदवीच पाहिजे असंही नाही. ती तुमची मातृभाषा असेल, शाळेत निदान प्राथमिकपर्यंत त्या भाषेतून शिकला असाल, किंवा कामधंद्यामुळे, त्या मुलखात राहिल्यामुळे येत असेल तरी चालतं. म्हणजे बांधकामावरची तेलुगू बाई चालते, भंडाऱ्याची गोंडी बोलणारी आजी चालते. मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी द्यायचं नाही असंही लिहिलंय. आणि जे बोललं जाईल ते पूर्ण आणि बिनचूक सांगायचं, पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही, तटस्थ राहायचं, गुप्तता पाळायची. धर्मांतराची ज्यांना काळजी आहे त्यांनी हेच कलम पुढे करावं, मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन. हे नियम लैंगिक अत्याचाराच्या केससाठी आहेत हे मला माहितीये, पण यादी एकदा झाली की स्टेशनवर सापडलेल्या मुलासाठी त्यातला फोन नंबर फिरवायला कोण अडवणार आहे?

आता आमच्या लोकांकडे बघा. महाराष्ट्रातल्या कॉन्व्हेंटांत आणि मिशन हॉस्पिटलांत केरळच्या, मंगळुरूच्या, झारखंड-छत्तीसगडच्या, ओडिशाच्या किती सिस्टर्स आहेत. मल्याळम, तुळू, कोंकणी तर आहेच, पण सादरी, कुडुख, मुंडारी, खडिया बोलणारीही माणसं त्यांच्यात असतात, ज्या भाषांचा दुभाषी सरकारला टेंडर काढूनही मिळणार नाही. पुण्यात, मुंबईत रविवारी एकाच देवळात (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात) सकाळी मराठी, मग तमिळ, संध्याकाळी तेलुगू नाहीतर हिंदी अशा उपासना होतात. पार्किंगवरून भांडण होतं तेवढीच एकमेकांशी ओळख. ही भाषांची एवढी श्रीमंती आम्ही फक्त स्वतःच्या भजनासाठी वापरतोय. मदर तेरेसा अल्बेनियन घरातल्या, त्यांनी बंगाली आणि हिंदी शिकून काम केलं म्हणून आम्ही भाषणं ठोकतो, आणि आमच्याकडे जन्मापासून ज्या भाषा आहेत त्या कपाटात.

म्हणून मागणी साधी आहे. पहिली, पाळकांनी आणि फादरांनी आपल्या मंडळीत कुणाला कुठली भाषा येते याचा कागद एका रविवारी फिरवावा. ज्यांची तयारी आहे त्यांनी पोलीस पडताळणीसकट रीतसर अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्यावा, आणि संस्थेच्या नावानं नको, माणसाच्या नावानं द्यावा. हे फक्त ख्रिस्ती लोकांनी करावं असंही माझं म्हणणं नाही, गुरुद्वारात पंजाबी आहे, बंगाली मंडळं आहेत, तेलुगू समाज सोलापुरात कितीतरी वर्षं आहे, पण मी माझ्या लोकांना बोलू शकते, त्यांना बोलतेय. दुसरी मागणी महिला व बाल विकास विभागाला: प्रत्येक जिल्ह्याची ही यादी किती भाषांची आहे आणि शेवटची कधी दुरुस्त झाली ते जाहीर करा, माणसांची नावं नकोत, भाषांची नावं पुरेत. आणि मुलाच्या फाईलवर 'बोलत नाही' असं लिहिण्याआधी कुठल्या कुठल्या भाषेत बोलून बघितलं ते लिहायची सक्ती करा. हल्ली आधारच्या ठशांवरून काही मुलांची घरं सापडल्याच्या बातम्या येतात, चांगलंच आहे, पण ज्याचं आधार निघालेलंच नाही त्याच्याकडे गाव शोधायला स्वतःच्या तोंडातल्या चार शब्दांशिवाय काय आहे?

आमच्या मंडळीतून तेलुगू, कन्नड, सादरी आणि ओडिया अशी नावं निघाली आहेत आणि अर्ज दिलेत. ओडियावाला पोरगा कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला असतो, त्यामुळे त्यानं रात्री आठनंतरच फोन करा असं लिहून दिलंय. कक्षाकडून पोच मिळाली, पुढचं काही कळलेलं नाही, कळलं की आपल्याला लिहीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दौंड, जि. पुणे